सरीतला रंग, वरंब्यावरचा रंग

रेणापूरच्या शिवारात सोयाबीनची काढणी झाली की रानात धसकटं उरतात. तुरीचे सड त्याहून वाईट, चपलेचा तळ भेदून थेट पायात घुसतात. बाभळीचा काटा तर बारमाही. इथली काळी जमीन पावसाळ्यात पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात जन्म काढणाऱ्याचा तळपायही हळूहळू तसाच होतो: जाड, भेगाळलेला, भेगांत माती मुरलेला. काटा मोडला तर सुईने काढायचा, नाहीच निघाला तर बिब्ब्याचा चटका द्यायचा, कुरूप झालं तर ब्लेडने तासायचं किंवा औषधाच्या दुकानातून पट्टी आणून चिकटवायची, हा पिढ्यांचा शिरस्ता आहे. डॉक्टरच्या नजरेला हा तळपाय क्वचितच पडतो. रुग्ण तो आपण होऊन दाखवत नाही, आणि ओपीडीच्या गर्दीत समोरच्याला पाय वर घ्यायला सांगण्याइतकी सवड कुणाला नसते. मेलानोमा हा कातडीचा कर्करोग ओळखायला जगभर अवघड मानला जातो. आपल्याकडे तो आणखी अवघड होतो, कारण तो बहुधा या न बघितल्या जाणाऱ्या जागी उगवतो आणि कुरूप, जखम, नखुरडं यांचं सोंग घेतो. त्याला वेळेत ओळखण्याचं एक स्वस्त आणि पारखलेलं साधन आज उपलब्ध आहे. ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असायला हवं, आणि ते तिथे उपयोगी पडावं यासाठी गावपातळीवरच्या तपासण्यांमध्ये तळपाय आणि नखं बघण्याचं काम आत्ताच जोडायला हवं, असं माझं मत आहे. यातलं एक केलं आणि दुसरं सोडलं तर फारसं काही हाती लागणार नाही.

कातडीला रंग देणाऱ्या पेशी बेताल वाढू लागल्या की मेलानोमा होतो. ऑस्ट्रेलियात दरवर्षी लाखामागे तिसाहून अधिक लोकांना तो होतो, भारतात हे प्रमाण लाखामागे एकाच्याही खाली आहे. गोऱ्या कातडीवर तो पाठीवर, पोटरीवर, चेहऱ्यावर, म्हणजे उन्हाने भाजणाऱ्या जागी येतो. सावळ्या आणि काळ्या माणसांत त्याची आवडती जागा तळपाय, तळहात आणि नखाखालची गादी. अमेरिकेतल्या १९८६ ते २००५ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा एकूण मेलानोमांत हा हातापायांचा प्रकार दोन-तीन टक्केच होता, पण कृष्णवर्णीयांमधल्या मेलानोमांत तो ३६ टक्के होता. बॉब मार्लीची गोष्ट यातलीच. १९७७ मध्ये उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली त्याला हा आजार निघाला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजली गेली होती. ११ मे १९८१ रोजी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. या प्रकाराचं उन्हाशी नातं फार पातळ आहे. २०१७ मध्ये ‘नेचर’ने छापलेल्या ऑस्ट्रेलियन संशोधकांच्या जनुकीय अभ्यासात हातापायांच्या बहुतेक मेलानोमांत सूर्यकिरणांनी होणाऱ्या बिघाडाच्या खुणा जवळजवळ नव्हत्या. त्याच्या आदल्या वर्षी जपानी डॉक्टरांनी तळपायावरच्या गाठींच्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा टाच आणि चवडा या भार पेलणाऱ्या भागांत त्यांची दाटी दिसली. एवढ्यावरून काटा मोडल्याने कर्करोग होतो असं म्हणता येणार नाही, आणि तशी भीती घालणंही चुकीचं. पण त्वचेच्या कर्करोगाविषयीची आपल्याकडची जागृती बहुतांशी सनस्क्रीनच्या बाटलीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते, हे मात्र यातून उघड होतं. रेणापूरच्या शेतकऱ्याला हा आजार झालाच, तर त्या बाटलीने तो टळणार नाही.

आता तो ओळखायला अवघड का, ते जवळून बघू. मेलानोमा ओळखण्याचे जे ठोकताळे जगभर शिकवले जातात ते १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी बांधले: डाग दोन्ही बाजूंनी असमान, कडा वेड्यावाकड्या, एकाहून जास्त रंग, व्यास सहा मिलिमीटरच्या वर. पुढे त्यात ‘बदलत जाणारा’ हे लक्षण जोडलं गेलं. पाठीवरच्या तिळाला ते चांगले लागू पडतात. तळपायाला तितके नाही. तिथली कातडी जाड, रंग तिच्या खाली दबलेला, कडा अस्पष्ट, वरून माती. त्यात बिब्बा. धोबी कपड्यावर खूण करायला ज्याचं तेल वापरायचे तोच हा बिब्बा कातडीवर काळा डाग पाडतो आणि अनेकांना त्याने फोड येऊन जखमही होते. ज्या जागी काही तरी खुपतंय म्हणून बिब्बा लावला, त्या जागी आधी काय होतं हे नंतर सांगता येत नाही. नवरात्रातली मेंदी, टाचेत साकळलेलं रक्त, जुनं गोंदण हेही काळेच दिसतात. शिवाय मेलानोमाचा एक प्रकार असा असतो की त्याला रंगच नसतो. गुलाबी, ओलसर, टेकले तरी रक्त येणारी गाठ किंवा महिनोन्‌महिने न भरणारी जखम, एवढंच त्याचं रूप. मधुमेह्याच्या पायावर ती दिसली तर ‘शुगरची जखम’, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या बधिर तळव्यावर दिसली तर ‘जुना व्रण’, तरुणाच्या अंगठ्याशी दिसली तर ‘नख रुतलंय’. प्रत्येक वेळी ड्रेसिंग होतं आणि प्रत्येक वेळी दोन महिने जातात.

हे दोन महिने का महत्त्वाचे, याचं उत्तर १९७० मध्ये ॲलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने दिलं. मेलानोमा किती रुंद पसरला यापेक्षा तो कातडीत किती खोल उतरला, यावर माणूस जगणार की नाही हे ठरतं, असं त्याने मोजून दाखवलं. एक मिलिमीटरच्या आत असताना भोवतालच्या सेंटिमीटरभर कातडीसह तो काढला तर बहुतेक लोक बरे होतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेला की जांघेतल्या गाठी, मग फुप्फुस, यकृत, मेंदू. आजार मूळ जागीच असताना सापडलेल्यांपैकी अमेरिकेत पाच वर्षांनी जवळपास सगळे हयात असतात, दूरच्या अवयवांत पसरल्यावर साधारण एक तृतीयांश. शिवाय हा आकडा तिथला आहे, जिथे नवी इम्युनोथेरपी विम्यातून मिळते. ती औषधं इथे लाखांच्या घरात जातात, आणि हातापायांच्या मेलानोमावर त्यांचा गुणही तुलनेने कमी येतो. ज्या आजारात मिलिमीटरवर जीव टांगलेला असतो त्याला साध्या डोळ्याने, मातीच्या थराखालून, अंदाजाने ओळखायला जाणं हा रुग्णावर अन्याय आहे.

इथे भिंग मदतीला येतं. डर्मोस्कोप म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, स्वतःचा दिवा असलेलं, मुठीत मावणारं भिंग. कातडीवर प्रकाश पडला की बराचसा वरच्या वरच परततो आणि त्या चकाकीमुळे आतलं दिसत नाही, जसं उन्हात विहिरीचा तळ दिसत नाही तसं. ध्रुवित प्रकाशाने किंवा कातडीवर जेलचा थेंब टाकून ही चकाकी काढली की खालचा रंग दिसू लागतो, आणि रंगावरून खोली कळते. मेलॅनिन अगदी वरच्या थरात असेल तर काळं, थोडं खाली तपकिरी, त्याहून खोल गेलं तर निळसर राखाडी. तळपायावर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ऊस लावणाऱ्या माणसाला ती समजावून सांगायची गरज पडू नये. तळव्याच्या कातडीवर आखल्यासारख्या समांतर रेषा असतात, म्हणजे चक्क सरी आणि वरंबे. वरंब्याच्या माथ्यावर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके एका ओळीत बसलेले दिसतात, त्यामुळे सरी कोणती आणि वरंबा कोणता हे ओळखता येतं. निरुपद्रवी तिळाचा रंग बहुधा सरीत साचतो, पाटाच्या पाण्यासारखा, बारीक रेघांत. मेलानोमाचा रंग रुंद पट्ट्यांनी वरंब्यावर चढतो. तोशिआकी साइदा यांच्या पुढाकाराने जपानमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ७१२ डाग तपासले आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले: वरंब्यावरचा रंग या एका खुणेने ८६ टक्के मेलानोमा पकडले, आणि जे मेलानोमा नव्हते त्यांपैकी ९९ टक्के बरोबर वगळले. महागडं रक्तपरीक्षण नाही, स्कॅन नाही, आणि इतकी नेमकी खूण. सरी कुठली ते जाड कातडीत ओळखू येत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ त्या जागी शाई लावून पुसून घेतात. शाई सरीत उरते, वरंबा कोरा होतो, आणि मग मूळ रंग कुणाच्या बाजूला आहे ते दिसतं. त्यासाठी दहा रुपयांचा पेन पुरतो.

नखाचंही तसंच. सावळ्या लोकांच्या नखांवर काळपट उभ्या रेघा असणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्या दोन-चार नखांवर असतील, वर्षानुवर्षं तशाच असतील तर काळजीचं कारण नसतं. एकाच नखावर, बहुधा अंगठ्याच्या, नवी उमटलेली, मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद होत गेलेली रेघ मात्र वेगळी. ती मुळाशी रुंद दिसते याचा अर्थ उगम वाढतोय. रंग नखाची हद्द ओलांडून भोवतालच्या कातडीवर उतरला असेल तर आणखी वाईट. जोनाथन हचिन्सनने १८८६ मध्ये नोंदवलेली ही खूण आजही त्याच्याच नावाने शिकवतात. दगड पडून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागे स्वच्छ नख उगवतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तरी दोन-तीन महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले की डाग सरकला की तिथेच आहे ते कळतं. इथे साधा मोबाइलही उपकरण होतो, पण तारीख लिहिलेली हवी.

भिंगाची बाजू मांडताना त्याची मर्यादा लपवायचं कारण नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून तुलना केली. विनाकारण संशयाचं प्रमाण सारखं धरलं तर नुसत्या डोळ्याने शंभरातले ७६ मेलानोमा सापडतात, डर्मोस्कोपने ९२. पण १९९५ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की न शिकलेल्या हातात हेच भिंग फायदा देत नाही, उलट गोंधळ वाढवतं. बाहेरून चढलेला रंग आणि साकळलेलं रक्तही कधी कधी वरंब्यावर बसलेलं दिसतं, म्हणून आधी बिब्बा, मेंदी, केसांचा कलप यांची विचारपूस करावी लागते. तो रंग कातडीच्या थराबरोबर काही आठवड्यांत झडून जातो, मेलानोमा झडत नाही. बिनरंगी गाठीत सरी-वरंब्याचा नियमच चालत नाही. तिथे वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या बघायच्या आणि शंका उरली की तुकडा काढून तपासायचा. याहून मोठी यंत्रंही आहेत. पेशी जिवंत दाखवणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आहे, सर्वांगाचे फोटो घेऊन तिळांचा हिशेब ठेवणारे कॅमेरे आहेत. पण कॉन्फोकलची नजर मिलिमीटरच्या पावभागाइतकीच खोल जाते आणि तळपायाच्या जाड थरातच अडकते. सर्वांगाचे फोटो शेकडो तीळ असणाऱ्या गोऱ्या माणसाच्या कामाचे. आपल्या गरजेला जे बसतं ते सगळ्यांत स्वस्त साधन आहे, काही हजार रुपयांपासून मिळणारं. आरोग्य खात्याने मोठ्या खरेदीच्या मागे लागण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

आता पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप: लाखात एकालाही न होणाऱ्या आजारासाठी एवढा खटाटोप कशाला? रेणापूर तालुक्यात वर्षाला एखादाच असा रुग्ण निघेल, कदाचित निघणारही नाही. इथे रक्तक्षय आहे, क्षयरोग आहे, गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मेलानोमासाठी वेगळी मोहीम काढा असं मी म्हणत नाही. मोहीम आधीच चालू आहे. कुष्ठरुग्ण शोध अभियानात आशाताई आणि पुरुष स्वयंसेवक घरोघर जातात, बायकांची तपासणी ताई करते, पुरुषांची स्वयंसेवक. फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आहे का, चालताना चप्पल नकळत निसटते का, हे विचारतात. म्हणजे माणसाची कातडी बघायला घरात शिरलेला, घरच्यांच्या विश्वासाचा माणूस आपल्याकडे आहे. त्याने जाता जाता पाय उताणा करून घेतला आणि नखं पाहिली तर दोन मिनिटं जास्त लागतील. दुसरी वाट मधुमेहाची. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, आणि त्यांच्या पायांची नियमित तपासणी व्हावी हे वैद्यकशास्त्र केव्हापासून सांगतंय. त्या तपासणीत बधिरपणा सापडेल, भेगेतला जंतुसंसर्ग सापडेल, बोट काळं पडायच्या आत सापडेल, आणि क्वचित कधी मेलानोमा. एका मेलानोमासाठी हजार पाय बघितले असा हिशेब मांडला तर तो महाग वाटेल. पण त्या हजार पायांत दुसरं जे सापडणार आहे ते याच हिशेबात धरायला हवं.

आशाताईंवर आणखी एक ओझं, हाही आक्षेप खरा आहे. मोबदल्यासाठी त्यांना २०२३ मध्ये संप करावा लागला, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. नव्या रकान्याबरोबर त्याचा मोबदला ठरला पाहिजे आणि तो वेळेवर मिळाला पाहिजे. तसं होणार नसेल तर हा रकाना काढूच नये. तो रिकामा किंवा खोटा भरला जाईल, आणि खोटा भरलेला रकाना कोऱ्यापेक्षा घातक असतो. आणि ताईंच्या हातात भिंग द्यायचं नाही, हेही स्पष्ट असू दे. त्यांनी फक्त चार गोष्टी बघून नाव पुढे पाठवायचं: तळव्यावर नवा किंवा वाढणारा काळा डाग, महिन्याभरात न भरलेली जखम किंवा रक्ताळणारी गाठ, एकाच नखावरची नवी काळी रेघ, आणि ज्या कुरपावर दोनदा उपचार होऊनही ते परत आलं असं कुरूप. भिंग उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा रेणापूरच्या ग्रामीण रुग्णालयात असावं. तिथे मोबाइलला लावून फोटो काढायचे आणि वीसेक किलोमीटरवरच्या लातूरला, विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या त्वचारोग विभागाकडे पाठवायचे. निदान तिथला शिकलेला डोळा करेल. ई-संजीवनीची डॉक्टर-ते-डॉक्टर सेवा २०१९ पासून चालू आहे, तारा आधीच ओढलेल्या आहेत. कमी आहे ती चांगल्या फोटोची. अंधुक, फ्लॅशने पांढरा पडलेला, शेजारी मापपट्टी नसलेला फोटो बघून कुठलाही तज्ज्ञ ‘रुग्णाला पाठवा’ एवढंच लिहू शकतो. पाय धुऊन, जेल लावून, एक फोटो लांबून आणि दोन भिंगातून, मोजपट्टीसकट, एवढं शिकायला काही महिने लागत नाहीत.

खेड्यात असं काही चालत नाही असं म्हणणाऱ्यांना लांब जायला नको. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. बार्शीबरोबर परंडा आणि भूमच्या गावांतला कर्करोगाचा प्रत्येक रुग्ण तिथे नोंदला जातो. लातूर जिल्हा १९८२ मध्ये ज्या उस्मानाबादेतून वेगळा झाला, त्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गावांच्या ५२ गटांमधल्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने तो छापला. ज्यांची एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी झाली त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्या गटात ६४. या तुलनेच्या गटावरून पुढे नैतिक वाद झाला, आणि तो रास्त होता. पण हा अभ्यास मी पुढे करतो तो त्यातल्या एका गैरसोयीच्या निष्कर्षासाठी. त्याच अभ्यासात नुसत्या डोळ्याने, ॲसिटिक ॲसिड लावून तपासलेल्या गटात मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने नेमकी तीच डोळ्याची पद्धत आरोग्यसेविकांना शिकवून, दर दोन वर्षांनी, अनेक फेऱ्यांत वापरली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. बघणं एकदाच आणि अपुरं असेल तर हाती काही लागत नाही. परत परत, शिकून बघितलं, किंवा नेमकं साधन दिलं, तर जीव वाचतात. तळपायाला हाच धडा लागू होतो, म्हणून मी भिंग आणि वारंवार बघण्याची सवय दोन्ही मागतो आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे, आणि तो विद्वानांकडून येतो. जास्त शोधलं की जास्त सापडतं, त्यातलं बरंचसं कधीच जिवावर उठणार नसतं. अमेरिकेत गेल्या चाळीस वर्षांत मेलानोमाच्या नोंदी सहापट झाल्या, मृत्यू मात्र जवळपास तिथेच राहिले. २०२१ मध्ये तिथल्या संशोधकांनी याला अतिनिदान म्हटलं. २०२३ मध्ये तिथल्या प्रतिबंधक सेवांच्या कृती गटाने लक्षणं नसलेल्या सर्वांची त्वचा तपासावी असं म्हणायला पुरावा अपुरा आहे, असा निर्वाळा दिला. हा इशारा मी गंभीरपणे घेतो. पण तो आजार कोणता? धष्टपुष्ट गोऱ्या माणसाच्या पाठीवरचा तीन मिलिमीटरचा ठिपका, जो दर सहा महिन्यांनी तज्ज्ञाकडे जाऊन दाखवला जातो. आपल्याकडचा रुग्ण डाग घेऊन येत नाही, व्रण घेऊन येतो. जांघेत गाठ आल्यावर येतो. अतिनिदानाच्या भीतीने त्याचं उशिराचं निदान आहे तिथेच ठेवायचं, हा दुसऱ्याच्या आजाराचा पथ्यपाण्याचा कागद आपल्या भिंतीवर लावण्यासारखा प्रकार झाला. शिवाय मी सर्वांच्या सर्व तिळांची तपासणी मागत नाही. चार लक्षणं, मग भिंग, मग गरज पडली तरच सुरी. जपानी पडताळणीतल्या त्या ९९ टक्क्यांचं मोल इथे आहे: तळपायावर साधा तीळ असलेल्या बहुतेकांना टाका न घालता घरी पाठवता येतं.

तिसरा आक्षेप आजच्या हवेतला. भिंग आणि तज्ज्ञ कशाला, मोबाइलचं ॲप कृत्रिम बुद्धिमत्तेने सांगेलच की. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या चमूने एक लाख एकोणतीस हजार चित्रांवर शिकवलेल्या संगणकाने एकवीस त्वचारोगतज्ज्ञांची बरोबरी केली, तेव्हापासून ही आशा वाढली. पण ती चित्रं कुणाच्या कातडीची? २०२२ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मधल्या अभ्यासाने अशा खुल्या संग्रहांतली एक लाखाहून जास्त चित्रं चाळली. कातडीचा प्रकार नोंदवलेली चित्रं होती अवघी २,४३६. त्यांत तपकिरी कातडीची दहा, आणि गडद तपकिरी किंवा काळ्या कातडीचं एक. त्याच वर्षी स्टॅनफर्डमधूनच आलेल्या दुसऱ्या अभ्यासात ६५६ चित्रांच्या, सर्व वर्णांच्या संग्रहावर हे संगणक तपासले, तेव्हा गडद कातडीवर त्यांची कामगिरी घसरली. ज्या यंत्राने रेणापूरचा तळपाय कधी पाहिलाच नाही, त्याच्या ‘काळजी नको’वर विसंबून कुणी सहा महिने घरी बसावं, हे मला भयावह वाटतं. मी यंत्राच्या विरोधात नाही. मराठवाड्यातल्या शासकीय महाविद्यालयांनी, लातूर, नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर, संमती घेऊन, ओळख पुसून, बायोप्सीच्या निकालासकट तळपायांची चित्रं साठवायला सुरुवात केली तर दहा वर्षांनी आपल्या कातडीवर शिकलेलं यंत्र होईल. त्यात बिब्ब्याचे डागही असतील, जे जगातल्या दुसऱ्या कुठल्या संग्रहात सापडणार नाहीत.

या सगळ्या साखळीचं शेवटचं कडं बायोप्सीचं, आणि ते आज सगळ्यांत कच्चं आहे. गाठीला लोखंड लागलं की कर्करोग पसरतो, हा समज गावोगाव आहे. चाचणीसाठी तुकडा काढल्याने मेलानोमाच्या रुग्णाचं आयुष्य घटतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आयुष्य घटतं ते न काढल्याने. पण दोष फक्त समजाचा नाही. ‘चामखीळ आहे, जाळून टाकू’ किंवा ‘कुरूप आहे, कापून देतो’ म्हणत काढलेला तुकडा कचऱ्याच्या बादलीत जातो, तेव्हा त्याबरोबर रुग्णाचं निदानही जातं. जाळलेल्या गाठीची खोली कुणालाच मोजता येत नाही. तळपायावरून किंवा नखाखालून काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही साधी दिसो, पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे, हा नियम खासगी दवाखान्यालाही लागू करावा. त्याचा खर्च गरिबाच्या खिशावर पडणार असेल तर तो शासनाने उचलावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलला जातोच, मग त्या शस्त्रक्रियेची गरज वेळेत सांगणाऱ्या तपासणीसाठी हात आखडता का?

सुरुवात करायला मुहूर्तही आपल्या पंचांगातच आहे. रेणापूरच्या रेणुकादेवीच्या नवरात्रात कित्येकजण नऊ दिवस चप्पल घालत नाहीत. पुढे कोजागिरीला मराठवाड्यातून हजारो पाय तुळजापूरची वाट चालतात. वाटेवर ठिकठिकाणी मंडप असतात, तिथे स्वयंसेवक यात्रेकरूंचे पाय धुतात, तेल चोळतात, फोडांना मलम लावतात. वर्षभर जमिनीला टेकलेला तळवा त्या रात्री धुतलेला, उताणा, दिव्याच्या उजेडात कुणाच्या तरी मांडीवर असतो. त्या मंडपात एक समुदाय आरोग्य अधिकारी, एक भिंग आणि एक वही ठेवायला येत्या कोजागिरीची वाट बघणंही गरजेचं नाही. आदेश आत्ता काढता येईल.